वाढली

तासगावच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानापुढं
माझी पेटी उघडते दहाला.
हिरवा चुडा, लाखेचे गोट, पोरींसाठी मेटलच्या,
आणि मधोमध माझे हात.
बायका आधी त्यांच्याकडं बघतात,
मग बांगड्यांकडं.

"काय झालंय गं हाताला, त्रिशला?"
सोरायसिस, म्हणते मी.
तिला ऐकू येतं दुसरंच काहीतरी.
डझन मोजून घेते. "घरी भरीन मी."
आणि पैशाबरोबर ठेवून जाते एक औषध.

सात वर्षांत औषधं पुष्कळ जमलीत.
तुरचीच्या मावशीनं दिलेलं करंजाचं तेल,
वास असा की नवरा महिनाभर गच्चीवर झोपला,
उकाड्याचं निमित्त करून.
शाळेच्या बाईंनी कडुलिंबाचं पाणी,
कुणी कोरफड, कुणी ताकात वाटलेला टाकळा,
कुणी म्हणालं वांगं सोड, कुणी आंबट.
एक म्हणाली, मागच्या जन्मी साप मारलास तू.
त्याच्यावर काय लावायचं, ते नाही सांगितलं तिनं.
हळद सांगलीच्या पेठेतली, राजापुरी,
सायीत कालवून लावली पंधरा दिवस.
खपल्या तशाच राहिल्या, फक्त पिवळ्या झाल्या.
नवरा म्हणाला, दुसऱ्यांदा हळद लागली तुला.
एका शहाणीनं लसूण वाटून बांधायला लावला.
रात्रीत फोड आले.
तेवढं औषध मी पुढं कुणाला सांगितलं नाही.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी भिंगातून बघितलं.
म्हणाल्या, लागण नाही, पाप नाही, घाई आहे.
महिन्यानं वर यायची ती कातडी
चार दिवसांत येते, कच्ची, एकीवर एक.
मलम लिहून दिलं. शिवाय, अंघोळ झाली की
अंग ओलं असतानाच खोबरेल लावा,
आणि बाकीची पेठ बंद करा.
बरं होईल का, विचारलं मी.
लिहिता लिहिता म्हणाल्या, कमी होईल.

घाई!
येताना एसटीत एकटीच हसले मी.
उभा जन्म मी घाई न करण्यावर जेवलेय.
अंगठ्याखालचं हाड हळू मिटवायचं,
माहेरचं विचारत राहायचं,
ती सांगत असते तोवर बांगडी पार.
जरा घाई केली की कडकन
फुटली म्हणायचं नसतं,
वाढली म्हणायचं.

रात्री चादर झटकते.
पांढरा कोंडा फरशीवर पडतो,
ट्यूबच्या उजेडात काचेच्या चुऱ्यासारखा.
भरतेश झाडू घेतो, काही बोलत नाही.
एकदाच म्हणाला,
काय गं, आज लई वाढलीस.

मार्चात बेदाण्याच्या शेडवरची मालन आली.
डिपिंगच्या पाण्यानं हात चिरलेले,
बोटांच्या बेचक्या लाल, ओलसर.
तिनं आधी बांगड्यांकडंच बघितलं.
"साध्या हिरव्या दे. भावाच्या पोरीचं लगीन हाय."
हात पुढं केला, आणि मागं घेतला.
"तुला लागंल गं माझं."

रबरी हातमोज्यांच्या आत सुती मोजे घाल,
हे सांगितलं मी तिला, पण नंतर.
आधी वाटीत खोबरेल ओतलं,
तिची बोटं बुडवली, मग माझी.
तिचं खरबरीत माझ्या खरबरीतात अडकत होतं,
दोन गोणपाटं एकमेकांवर घासावीत तसं.
मी तिचं माहेर विचारलं. तिनं माझं.
सहा त्या हातात, या हातात पाच,
आणि सहावी मनगटाशी येऊन
"वाढली," दोघी एकदमच म्हणालो.

त्या एकीचे पैसे मी घेतले नाहीत.
तिनं पदराची गाठ सोडून मूठभर बेदाणे दिले,
आणि चार पावलं जाऊन परत वळली.
"दुधात जायफळ उगाळून लाव गं, त्रिशला.
माझ्या आत्तीला लई फरक पडला."